विश्लेषण : ज्या दुष्काळाने घर हिरावले, त्याच दुष्काळात पंडिता रमाबाई परत का गेल्या?

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातून दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या. पंडिता रमाबाई तेव्हा पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. सदनाचा व्याप मोठा होता, पैसा मोजका होता आणि समाजाचा रोष कायम होता. मध्य प्रांतात न जाण्यासाठी कारणे भरपूर होती. सर्वांत मोठे कारण मात्र वेगळेच होते. दुष्काळ म्हणजे काय, हे त्यांनी विशीच्या आतच भोगले होते. आई, वडील आणि थोरली बहीण अशी तीन माणसे त्यांनी काही महिन्यांत गमावली होती. तरीही त्या गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन परतल्या. हे बळ त्यांच्यात कुठून आले? त्यांनी स्वतः याचे उत्तर ख्रिस्तावरील श्रद्धा असे दिले. ही श्रद्धा एका दिवसात आली नाही आणि तिने भीती जादूने पुसलीही नाही. ती कशी घडत गेली, हे समजण्यासाठी त्यांच्या आयुष्याकडे सुरुवातीपासून पाहावे लागते.

भीतीची सुरुवात कुठे झाली?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न संस्कृत पंडित. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवल्यामुळे त्यांना धर्मपंडितांचा विरोध सहन करावा लागला होता. शेवटी गावापासून दूर, रानात त्यांनी आश्रम थाटला. रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असताना कर्जामुळे तो आश्रमही सुटला. वेताच्या पेटाऱ्यात ठेवून या तान्ह्या मुलीला डोंगरावरून खाली आणण्यात आले आणि कुटुंबाची तीर्थयात्रा सुरू झाली.

देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचे, हा त्यांचा दिनक्रम होता. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आईने. शास्त्रीबुवांनी दुसरा कोणताही उद्योग केला नाही. जवळचा पैसा दानधर्म आणि अनुष्ठानांत गेला. देव प्रसन्न होईल आणि दिवस पालटतील, यावर घराचा विश्वास होता.

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि या विश्वासाची कसोटी लागली. शास्त्रीबुवांना दिसेनासे झाले होते. आधी दागिने गेले, मग भांडी गेली, शेवटी अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरले नाही. भीक मागणे किंवा मोलमजुरी करणे कुळाच्या प्रतिष्ठेत बसत नव्हते. कुटुंब रानात शिरले आणि झाडपाल्यावर दिवस काढू लागले. अखेर वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा रमाबाईंचा भाऊ श्रीनिवास पुढे आला. कुळाचा मान बाजूला ठेवून आपण मजुरी करू, असे त्याने सांगितले आणि तो निर्णय टळला. मात्र वडिलांचे शरीर थकले होते. थोड्याच दिवसांत ते गेले, त्यांच्यामागे आई गेली आणि नंतर बहीण कृष्णाबाई पटकीने दगावली.

आईचा अंत्यविधी रमाबाई कधीच विसरल्या नाहीत. स्मशान लांब होते आणि खांदा द्यायला पुरेसे लोक मिळाले नाहीत. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले. उरलेला भार श्रीनिवास आणि रमाबाईंनी उचलला. उंची कमी असल्यामुळे रमाबाईंना तिरडी खांद्यावर घेता येईना, म्हणून त्यांनी ती डोक्यावर घेतली.

चार हजार मैलांची वाट

मागे उरलेली भावंडे देशभर पायी फिरली. हे अंतर चार हजार मैलांच्या घरात गेले असावे, असे रमाबाईंनी नोंदवले आहे. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यात रात्र काढली. पांघरायला काहीच नव्हते. याच काळात देवदेवतांवरचा त्यांचा विश्वास उडाला. ग्रंथांत सांगितलेले सारे करूनही पदरी उपासमारच आली, हा त्यांचा अनुभव होता. आधी देव कोपेल याची भीती असे. आता वर कोणीच नाही, ही पोकळी आली.

१८७८ मध्ये दोघे कोलकात्याला पोहोचले आणि चित्र पालटले. भागवत मुखोद्गत असलेली, संस्कृतात अस्खलित बोलणारी वीस वर्षांची अविवाहित मुलगी पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेद दिले. स्त्रियांनी वेद वाचू नयेत, असे मानले जाण्याचा तो काळ होता.

सन्मान मिळाला, पण आधार टिकला नाही. १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी नोंदणी विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे हा विवाह दोन्ही बाजूंना खटकला. आसामात सिलचरला त्यांचा संसार सुरू झाला आणि १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबिहारींचा बळी घेतला. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरात वर्षाचीही न झालेली मुलगी होती आणि माहेर किंवा सासर म्हणावे असे घर नव्हते.

ख्रिस्ताची ओळख कशी झाली?

सिलचरच्या घरात पतीच्या पुस्तकांमध्ये लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत रमाबाईंच्या हाती लागली होती. एक मिशनरीही घरी येत असत. त्या कुतूहलाने वाचत होत्या, इतकेच. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात, ही त्यांची मागणी तेव्हा गाजली. स्वतः वैद्यकीय शिक्षण घ्यायचे, असे त्यांच्या मनात होते. ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा राहिला. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. सोबत आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील एका अँग्लिकन भगिनीसंघाकडे त्या उतरल्या. या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे नेले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तिथे सांभाळले जाई. अशा स्त्रियांना कोणी जवळ घेते, हे रमाबाईंसाठी नवीन होते. यामागची प्रेरणा काय, असे त्यांनी विचारले. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा दाखवण्यात आली. इतरांनी दूर सारलेल्या त्या स्त्रीशी येशू विहिरीपाशी बसून बोलतो. दंड देणारा नव्हे, तर शोधत येणारा देव रमाबाईंना इथे पहिल्यांदा दिसला.

त्याच सुमारास मोठा आघात झाला. आपल्याला बळजबरीने ख्रिस्ती केले जाईल, या भीतीने आनंदीबाईंच्या मनाचा तोल गेला आणि त्यांनी वाँटेजमध्ये आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या भाषेत रमाबाईंचे आपले म्हणावे असे एकच माणूस होते, तेही गेले. प्रसिद्ध संस्कृत अभ्यासक मॅक्स म्युलर यांच्या ऑक्सफर्डच्या घरी पुढे रमाबाई राहायला गेल्या, तेव्हाची त्यांची अवस्था म्युलर यांनी लिहून ठेवली आहे. धक्का इतका खोल होता, की रात्री त्यांच्या खोलीत सोबतीला एका मोलकरणीला झोपवावे लागे.

ज्या रमाबाईंची निर्भय स्त्री म्हणून आज ओळख आहे, त्या एकेकाळी अंधारात एकट्या झोपू शकत नव्हत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बाप्तिस्म्याने भीती गेली का?

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात खळबळ उडाली. ज्यांनी या विदुषीला डोक्यावर घेतले होते, त्यांच्यापैकी अनेकांना ही फसवणूक वाटली.

पण बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाई कोणाच्या आज्ञेत गेल्या नाहीत. त्र्येक्य, ख्रिस्ताचे देवत्व अशा विषयांवर त्या वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून वाद घालत. लॅटिन शब्द कोरलेला क्रूस घालायचा आग्रह झाला, तेव्हा शब्द हवेत तर ते संस्कृतात का नकोत, असा त्यांचा प्रश्न होता. पुरोहितांच्या एका जोखडातून सुटून दुसरे मानेवर घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. जे स्वतःला पटेल तेच मानायचे, असा त्यांचा हट्ट होता.

याच काळात त्यांना ऐकू कमी येऊ लागले. वैद्यकीय शिक्षणाचे स्वप्न तिथेच संपले. चेल्टनम येथील महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवत त्या स्वतः शिकत राहिल्या.

शारदा सदनाचा वाद काय होता?

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. तिथे इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकातून त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती जगापुढे मांडली. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था स्थापन झाली आणि दहा वर्षे मदत देण्याचे ठरले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. उच्चवर्णीय विधवांसाठी शिक्षणाचे हे घर होते. धर्मप्रचार करायचा नाही, असे ठरले होते. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करणाऱ्या गोदूबाई याच सदनात शिकल्या.

रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंच्या दृष्टीने हे मुलींचे स्वातंत्र्य होते, तर टीकाकारांच्या दृष्टीने हा दिलेल्या शब्दाचा भंग होता. ‘केसरी’ने कडक टीका केली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. विश्वासावर मुली पाठवणाऱ्या पालकांचा राग समजण्यासारखा होता. दार बंद करून घेतले असते तर संस्था सुरक्षित राहिली असती. रमाबाईंनी ते केले नाही. दोन्ही बाजूंची बाजू कळूनही हा प्रश्न आज सोपा वाटत नाही.

श्रद्धेत नेमका बदल कधी झाला?

१९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी याबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. धर्म बुद्धीला पटला होता, मनाला मात्र स्वस्थता नव्हती. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र वाचताना त्यांना हा फरक लख्ख दिसला.

हा बदल भीतीशी थेट जोडलेला आहे. लहानपणी त्यांनी पाहिलेली भक्ती एक प्रकारच्या हिशेबावर चालत असे. इतके दान, इतकी अनुष्ठाने, त्याचे इतके फळ. फळ आले नाही, की आपलेच काही चुकले असे वाटायचे. बाप्तिस्म्यानंतरही हा हिशेब मनातून गेला नव्हता. आपण पुरेसे शुद्ध आहोत का, ही धास्ती होतीच. देवाचा स्वीकार कमवायचा नसतो, तो आधीच मिळालेला आहे, हे उमगल्यावर ती धास्ती सैल झाली, असे रमाबाईंच्या लेखनावरून दिसते. संकट येणारच नाही, असे त्यांची श्रद्धा सांगत नव्हती. संकटात आपण एकटे नाही, एवढेच ती सांगत होती. आईची तिरडी डोक्यावर वाहिलेल्या मुलीसाठी ही गोष्ट लहान नव्हती.

दुष्काळात त्या परत का गेल्या?

१८९६ मधल्या बातम्यांनी जुन्या जखमा उघड्या केल्या. आपण स्वतः उपाशी हिंडलो, तेव्हा कोणी हात धरला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्यांना सोडेना. एवढ्या माणसांना आपण कुठे पुरणार, ही शंकाही होती. सगळ्यांना वाचवणे शक्य नव्हते. जेवढ्या मुली उचलून आणता येतील तेवढ्या आणायच्या, असे ठरवून त्या मध्य प्रांतात गेल्या.

तिथे त्यांनी सरकारी दुष्काळी कामे आणि गरीबखाने पाहिले. हाडांचे सापळे झालेली मुले होती. एकट्यादुकट्या मुलींना फूस लावून नेणारे लोक होते. देखरेख करणाऱ्यांपासूनही स्त्रिया सुरक्षित नव्हत्या, हे रमाबाईंनी उघडपणे लिहिले. सुमारे ३०० मुली आणि स्त्रिया त्यांनी जमवल्या. सगळ्याच वाचल्या नाहीत. काही जणी इतक्या खंगल्या होत्या, की अन्न मिळूनही त्यांचे शरीर सावरले नाही.

तोवर पुण्यात प्लेग शिरला होता. शहरात एवढ्या मुलींना ठेवण्यास प्रशासनाची परवानगी नव्हती. पुण्यापासून जवळ, दौंडच्या वाटेवर केडगाव येथे रमाबाईंनी घेतलेली सुमारे १०० एकर जमीन होती. तिथे आधी तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, नंतर इमारती झाल्या. सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्ती सदनाचे रीतसर समर्पण झाले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तिथल्या रहिवाशांची संख्या दीड हजारांवर गेली.

सरकारलाही त्या घाबरल्या नाहीत?

१८९७ मध्ये पुण्यातील प्लेगबंदोबस्ताविरुद्ध असंतोष होता. घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण यांमुळे लोक धास्तावले होते. रमाबाईंच्या संस्थेतील एका मुलीला प्लेगच्या रुग्णालयात नेल्यावर तिचे जे झाले, त्यावरून त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या इंग्रजी पत्रात जाहीर टीका केली. तिथल्या व्यवस्थेत स्त्रियांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही, असा त्यांचा आरोप होता. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तो फेटाळला. ख्रिस्ती झाल्या म्हणजे इंग्रजांच्या झाल्या, असे समजणाऱ्यांना हा प्रसंग पुरेसे उत्तर देतो. परदेशी देणग्यांवर संस्था चालत असताना परदेशी सरकारला जाब विचारण्यात मोठी जोखीम होती.

एवढ्या लोकांचे पोट कसे भरले?

अमेरिकी संस्थेने कबूल केलेली दहा वर्षे १८९८ मध्ये संपली आणि तिथे जाऊन रमाबाईंनी नव्याने पाठिंबा उभा केला. पण कायम पुरेल एवढे उत्पन्न कधीच नव्हते. ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुले सांभाळणारे जॉर्ज म्युलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. गरज देवापुढे मांडायची आणि येईल त्यावर चालवायचे, ही रीत त्यांनी स्वीकारली.

मात्र हातावर हात ठेवून बसणे त्यांना मान्य नव्हते. वडिलांच्या घराने जी चूक केली, ती त्यांनी होऊ दिली नाही, असे म्हणता येईल. कष्टाला कमीपणा मानल्यामुळे डोंगरे कुटुंब उपाशी राहिले होते. केडगावात प्रत्येकीच्या हाताला काम होते. विहिरी खणल्या गेल्या, शेती आणि गुरे राखली गेली. विणकाम, तेलाचा घाणा, शिवणकाम, छापखाना हे सारे मुली चालवत. अंध मुलींसाठी ब्रेल शिकवण्याची सोय झाली आणि त्यात मनोरमेचा मोठा वाटा होता. लैंगिक अत्याचाराच्या बळी ठरलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. उच्चवर्णीय विधवांपासून सुरू झालेले काम आता कोणत्याही जातीच्या निराधार स्त्रीपर्यंत पोहोचले होते.

शेवटची परीक्षा कोणती होती?

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करायला घेतले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या भाषा त्या शिकल्या. कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. मजकूर जुळवणे आणि छापणे ही कामे केडगावच्याच मुली करत होत्या.

आपल्यानंतर संस्था मनोरमा पाहील, असे ठरल्यासारखे होते. पण २४ जुलै १९२१ रोजी मनोरमेचे निधन झाले. वेताच्या पेटाऱ्यापासून सुरू झालेल्या या प्रवासात आई-वडील, बहीण, भाऊ, मैत्रीण आणि पती गेले होते. आता एकुलती एक मुलगीही गेली. रमाबाई ६३ वर्षांच्या होत्या, प्रकृती ढासळली होती आणि ऐकू जवळजवळ येत नव्हते. तरी त्यांनी भाषांतराचे काम सोडले नाही. ते हातावेगळे झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात त्यांनी डोळे मिटले. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर छापून आले.

आज या चरित्राचा अर्थ काय?

रमाबाईंच्या धर्मांतरावर महाराष्ट्रात शंभर वर्षांहून अधिक काळ वाद झाला. त्यामुळे त्यांचे नाव बराच काळ सुधारकांच्या यादीत मागे राहिले. १९८९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही सुरू आहे.

वाद बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट उरते. रमाबाईंच्या आयुष्यात ज्या ज्या गोष्टींची भीती वाटावी, त्या बहुतेक प्रत्यक्ष घडल्या. श्रद्धेमुळे त्यांपैकी एकही टळली नाही. फरक एवढाच पडला, की भीतीने त्यांना आक्रसून टाकले नाही. रात्री सोबत लागणारी स्त्री पुढे शेकडो घाबरलेल्या मुलींची सोबत झाली. दुष्काळाची आठवण त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. त्या आठवणीमुळेच गरीबखान्यातल्या मुलीकडे पाहताना ती कोण आहे, हे त्यांना ओळखता आले.